आयफोन की अँड्रॉइड, आणि त्यावरून आपण एवढे हातघाईवर का येतो?

आडवाट

फोन बदलायची वेळ आली आहे. हातातला अँड्रॉइड जुना झाला, सिक्युरिटी अपडेट येणं केव्हाच थांबलं आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन, त्यामुळे 'आता तरी आमच्यात ये' असा लकडा लागलाय. ऑफिसात उलटी तऱ्हा. तिथे नुसतं 'आयफोन बघतोय' म्हटलं तर एकाने 'तूसुद्धा?' असं विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि प्रोसेसरचे आकडे कृपया देऊ नका, ते कुठेही मिळतात. मला दोनच गोष्टी हव्या आहेत. एक, ज्यांनी एकीकडून दुसरीकडे उडी मारली त्यांना सुरुवातीला काय टोचलं आणि वर्ष उलटल्यावरही काय टोचत राहिलं. दुसरी जरा अवांतर आहे, पण खरं कुतूहल तिचंच आहे. फ्रिज कुठल्या कंपनीचा यावरून कोणी कोणाशी अबोला धरत नाही. फोनवरून धरतात. का?

तिरपा डोळा

आकडे देऊ नका म्हणालात ना? आता कोणीतरी देणारच. मी इथेच बसतो.

कोरा कागद

मी अँड्रॉइडवरून आयफोनवर आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर 'मागे जाणं'. हसू नका.

अँड्रॉइडमध्ये स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या कुठल्याही कडेवरून अंगठा आत सरकवला की मागे जाता येतं, मग अ‍ॅप कोणतंही असो. कीबोर्ड उघडा असेल तर आधी तो मिटतो, मग पान मागे जातं. आयफोनवर मी आले तेव्हा हे डाव्या कडेवरूनच व्हायचं, आणि तेही त्या अ‍ॅपची मर्जी असेल तर. कुठे वर डाव्या कोपऱ्यात बाण, कुठे उजव्या कोपऱ्यात 'डन', कुठे फुली, कुठे अख्खं पान खाली ओढायचं. फोन उजव्या हातात धरणाऱ्याचा अंगठा त्या वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. डोक्याला चार दिवसांत कळतं, अंगठ्याला कळायला महिने लागतात. अजूनही घाईत असले की उजव्या कडेवरून सरकवते आणि काहीच होत नाही.

दुसरं म्हणजे फायली. 'फाइल्स' नावाचं अ‍ॅपच मुळात आयफोनवर २०१७ साली आयओएस ११ बरोबर आलं. त्याआधी 'फाइल कुठे गेली?' याचं उत्तर 'ज्या अ‍ॅपची त्याच्या पोटात' एवढंच होतं. आता पुष्कळ बरं आहे. डायलपॅडवर आकडे दाबून नाव शोधायची सोय मी जुन्या फोनवर रोज वापरायचे, ती इथे यायला २०२४ उजाडलं.

वर्ष उलटल्यावरही टोचत राहिलं ते नोटिफिकेशनचं गबाळ. अँड्रॉइडमध्ये ती एका नजरेत उरकायची, एका अ‍ॅपच्या आतसुद्धा कुठल्या प्रकारची हवीत आणि कुठली नकोत हे निवडता यायचं. इथे मी सरळ बरीचशी बंदच करून टाकली.

आणि आवडलं काय? अपडेट. नवी आवृत्ती आली की ज्या मॉडेलांना ती लागू आहे त्या सगळ्यांना एकाच दिवशी मिळते. 'आमच्या फोनला कधी?' म्हणत रोज सेटिंग उघडून बघणं संपलं.

पाऊणतास

माझी उडी उलट दिशेची. आयफोनवरून अँड्रॉइडवर गेलो, फोन मनापासून आवडला, आणि तरी काही महिन्यांत परत आलो. कारण मनगटावर होतं.

अ‍ॅपल वॉच २०१५ पासून आहे आणि ते आजही आयफोनशिवाय चालू होत नाही. अँड्रॉइड फोन घेतला त्या दिवशी माझं चांगलं चालतं घड्याळ खणात गेलं, आणि त्यातली पावलं, झोप, हृदयाचे ठोके यांची जुनी नोंदही आयफोनमध्येच राहिली. ती बाहेर काढता येते, पण निघते ती एका भल्यामोठ्या एक्सएमएल फायलीच्या रूपात, जी दुसरं अ‍ॅप सहजी गिळत नाही.

हे फक्त अ‍ॅपलचंच आहे असं समजू नका. सॅमसंगची आधीची घड्याळं आयफोनशी जोडता यायची. २०२१ च्या गॅलॅक्सी वॉच ४ पासून ती दारं बंद झाली. गूगलचं पिक्सेल वॉचही आयफोनशी बोलत नाही. म्हणजे कुंपण दोन्ही बाजूंनी आहे, फक्त एका बाजूची माणसं त्याला कुंपण म्हणतात आणि दुसऱ्या बाजूची 'इकोसिस्टीम'.

तेव्हा आडवाट, फोन निवडण्याआधी घड्याळ, इअरफोन आणि टॅबलेट मोजा. फोन बहुतेक तेच निवडतात.

ठिणगी

एवढा काथ्याकूट कशाला? अँड्रॉइड दीड वर्षात रखडायला लागतो. आयफोन घ्या, सहा वर्षं डोक्याला ताप नाही. आयफोनच्या ए-सिरीज चिपचे गीकबेंच चाचणीतले वेगाचे आकडे बघा, समोरचा जवळपास पण नाही.

तिरपा डोळा

आले. आकडे आले.

जुनी वही

ठिणगी, 'अँड्रॉइड दीड वर्षात रखडतो' हे वाक्य २०१२ साली शोभलं असतं. पण तुमची दुसरी बाजू मात्र खरी आहे. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत पोचला. त्या काळात अँड्रॉइडच्या महागातल्या महाग फोनलासुद्धा दोन-तीन वर्षांनंतर कोणी विचारत नसे. हे बदललं ते अलीकडे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले, पाठोपाठ २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ ला. मात्र स्वस्तातल्या फोनांना हे सरसकट लागू नाही, त्यामुळे मॉडेलचं नाव घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

आणि 'डोक्याला ताप नाही' म्हणताना २०१७ चा डिसेंबर आठवा. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो हे अ‍ॅपलनेच मान्य केलं, जाहीर माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फोन अचानक बंद पडू नये म्हणून ते केलं होतं, हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे. न सांगता केलं, हे पटण्यासारखं नाही.

पण मला बोलायचंय ते निष्ठेबद्दल. आज दोनच पक्ष दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की माणसं याच दोघांवर जीव टाकतात. मी विंडोज फोनवाला होतो. आमच्याएवढे कडवे लोक मी नंतर पाहिले नाहीत.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने स्वतःची सिम्बियन ही फोनप्रणाली बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टचा हात धरला. विंडोज फोन ७ वर ज्यांनी पैसे घातले त्यांना पुढच्याच वर्षी कळलं की त्यांचे फोन ८ वर जाणार नाहीत, त्यांची बोळवण ७.८ वर होणार. तरी आम्ही बाजू लढवत होतो. यूट्यूबचं धड अ‍ॅप नव्हतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलं ते २०१३ मध्ये गूगलने अडवलं, तर आम्ही 'ब्राउझरमध्ये छान चालतं' असं छातीठोकपणे सांगायचो. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन विभाग विकत घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. ती प्रणाली अक्षरशः आमच्या हातात विझली. ब्लॅकबेरीवाल्यांचं तर ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांना लागणारी सेवाच बंद झाली.

आता गंमत बघा. तुम्ही आज ज्याला 'आमच्या फोनचा स्वभाव' म्हणता त्यातलं अर्धं दुसऱ्याच्या घरचं आहे. चालू अ‍ॅपची पानं पत्त्यांसारखी मांडायची आणि वर सरकवून फेकून द्यायची, हे पाम कंपनीच्या वेबओएस या फोनप्रणालीत २००९ ला होतं. आयफोनवर तसलं खुणांचं सगळं तंत्र २०१७ मध्ये आयफोन १० बरोबर आलं, अँड्रॉइडमध्ये त्यानंतर. वरून खाली ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा अँड्रॉइडमध्ये २००८ पासून, आयफोनवर २०११ पासून. होमस्क्रीनवर विजेट ठेवायला आयफोनवाल्यांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. पहिल्या आयफोनमध्ये कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं, ते आलं २००९ मध्ये. आणि तेव्हा ते नसण्याचं समर्थन करणारे लोक होते!

म्हणून मला प्लॅटफॉर्मवरची निष्ठा समजते, पण तिचं कौतुक वाटत नाही. ती एकतर्फी असते.

निमित्त

जुनी वही, सुंदर प्रतिसाद. 'कॉपी-पेस्ट नसण्याचं समर्थन' वरून एक जुना प्रयोग आठवला, जो आडवाट यांच्या फ्रिजच्या प्रश्नाशी थेट भिडतो.

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये स्त्रियांना काही वस्तूंना गुण द्यायला लावले. टोस्टर, रेडिओ, टेबललॅम्प अशा घरातल्याच वस्तू. मग त्यांतल्या दोन पुढे ठेवून सांगितलं, एक निवडा, ती तुमची. निवडून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला लावले. घेतलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्या वस्तूचे घटले. वस्तू त्याच, बदललं फक्त माझं-तुझं. आणि कळीचा भाग असा की दोन्ही वस्तू आधी जितक्या तोडीस तोड वाटलेल्या, तितका हा परिणाम मोठा. या मोजणीच्या पद्धतीवर पुढे संख्याशास्त्रीय आक्षेपही घेतले गेले, त्यामुळे ही काळ्या दगडावरची रेघ मानू नका. पण दिशा लक्षात येते. दोन फोनांत जमीन-अस्मानाचा फरक असता तर भांडायची गरजच नव्हती. फरक कमी, पैसा जास्त आणि निवड दोन-चार वर्षं बांधून ठेवणारी, म्हणून स्वतःलाच पुन्हापुन्हा पटवावं लागतं, आणि स्वतःला पटवायचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याशी वाद घालणं.

दुसरा प्रयोग हेन्री ताजफेल आणि सहकाऱ्यांचा, १९७१ मध्ये छापलेला. शाळकरी मुलांना सांगितलं, तुमच्यातल्या काहींना क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, काहींना कँडिन्स्कीची. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात नेमकं कोण आहे हे मुलांना सांगितलंच नव्हतं, त्या गटाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तरी पैशांत बदलता येणारे गुण वाटायला दिल्यावर ती आपल्या गटाकडे झुकली. इतकंच नव्हे, आपल्या गटाला एकूण थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त हवं, असाही कल दिसला. ऑफिसातल्या त्या 'तूसुद्धा?' मध्ये मला हेच दिसतं.

फ्रिज दिवसभर हातात नसतो, चारचौघांत टेबलावर पालथा पडलेला दिसत नाही. फोन दिसतो.

ठिणगी

म्हणजे आम्ही सगळे उंदीर. छान. 🙂 पण मग ज्याला खरंच चांगलं वाटतं त्याने बोलूच नये का? मला आयफोनचा व्हिडिओ आवडतो. यात प्रयोगशाळा कुठून आली?

आणि एक स्पष्ट बोलतो. आयफोनला नावं ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण किंमत असते.

कोरा कागद

ठिणगी, पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही. मिरवण्यासाठी घेणारे दोन्हीकडे आहेत आणि घडी घालायचे अँड्रॉइड फोन काय स्वस्त असतात का? खिशावरून माणसाची पारख नको.

तिरपा डोळा

तुम्ही लढा. तोवर मालक लोकांचं काय चाललंय बघा. गूगलवर अमेरिकी सरकारने भरलेल्या खटल्यात बाहेर आलं की अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलं सर्च पहिलं राहावं म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. अ‍ॅपल आणि सॅमसंग २०११ ते २०१८ कोर्टात एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि त्याच काळात, २०१७ मध्ये, आयफोन १० चा ओएलईडी पडदा पुरवला सॅमसंगने.

त्यांचं कसं छान चाललंय. अबोला आपल्यात.

सांजवेळ

मी बहुतेक वेळा फक्त वाचते, म्हणजे ऐकते. मला दिसत नाही. त्यामुळे 'निष्ठा' या विषयावर माझी बाजू वेगळी आहे.

आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, २००९ साली ३जीएसबरोबर आला. सपाट काच, तिच्यावर हाताला लागेल असं एकही बटण नाही, आणि ती काच आपल्याशी बोलते हे तोवर कोणी गृहीतच धरलं नव्हतं. गूगलचा टॉकबॅकही त्याच वर्षी आला, पण पुढची अनेक वर्षं दोन्हींत अंतर होतं.

एक उदाहरण देते. व्हॉइसओव्हरमध्ये 'रोटर' आहे. दोन बोटं काचेवर ठेवून गोल बटण फिरवल्यासारखी फिरवायची. प्रत्येक टप्प्याला आवाज सांगतो: अक्षरं, शब्द, शीर्षकं, दुवे. 'शीर्षकं' आलं की थांबायचं आणि एक बोट खाली सरकवायचं, की पानावरच्या पुढच्या शीर्षकावर उडी. हा धागा मी असाच चाळते. टॉकबॅकमध्ये हेच करायला पूर्वी एका बोटाने वर-जाऊन-खाली अशी एका दमात रेघ ओढावी लागायची, आणि वेग जरा चुकला की फोन तिचा भलताच अर्थ लावायचा. २०२१ मध्ये तिथे दोन-तीन बोटांच्या खुणा आल्या आणि प्रकरण पुष्कळ सोपं झालं. ब्रेल टंकायचा पडद्यावरचा कीबोर्ड आयफोनवर २०१४ पासून आहे, टॉकबॅकमध्ये २०२० पासून.

आज कोणी विचारलं तर टॉकबॅक चांगला आहे असंच सांगेन. पण मी जाणार नाही. माझ्या बोटांत एवढ्या वर्षांच्या खुणा बसल्यात की दुसऱ्या फोनवर पहिले काही आठवडे मी परावलंबी होईन, साधा फोन उचलायलाही. याला कोणी ब्रँडचं वेड म्हणणार असेल तर खुशाल म्हणावं.

जुनी वही

सांजवेळताई, हा धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद. रोटरबद्दल वाचून माझ्या फोनवर चालू करून पाहिला. बंद कसा करायचा हे आधी वाचून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

आडवाट

सगळ्यांचे आभार. पाऊणतास म्हणाले म्हणून बसून यादी केली. घड्याळ नाही. विकत घेतलेली अ‍ॅप थोडीच, पण त्यातलं एक नोंदी ठेवायचं अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर आहे आणि त्यात माझ्या कामाचं सगळं आहे. फोटो गूगल फोटोजमध्ये, ते दोन्हीकडे चालतं. घरच्यांचा सामायिक अल्बम मात्र आयक्लाउडवर, आणि मला तो ब्राउझरमधून बघावा लागतो. लकड्यामागचं खरं कारण तेच निघालं. घरच्यांना माझा फोन बदलायचा नव्हता, त्यांना मी फोटो बघत नाही याचा राग होता.

अजून पक्कं नाही, पण काटा अँड्रॉइडकडे झुकलाय. अल्बम गूगल फोटोजवर हलवायचं घरात मान्य झालं, हे त्याहून मोठं.

प्रायव्हसीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. घरात तोच मुद्दा सारखा निघतो.

निमित्त

प्रायव्हसीत दोन गोष्टींची सरमिसळ होते. कंपनी पोट कशावर भरते, आणि फोन तुम्हाला काय बंद करू देतो.

गूगलचं पोट जाहिरातींवर, त्यामुळे तुमच्याबद्दल जाणून घेण्यात त्याला रस असणारच. अ‍ॅपलचं मुख्यतः वस्तू विकण्यावर. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने अ‍ॅपना इतरत्र माग काढण्याआधी परवानगी विचारायला लावली, तो खरोखर मोठा बदल होता. पण अ‍ॅपल स्वतःही अ‍ॅप स्टोअरमध्ये जाहिराती विकते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. आणि आयक्लाउडचा बॅकअप मूळ मांडणीत असा असतो की किल्ली अ‍ॅपलकडेही राहते. ती फक्त तुमच्याकडे राहावी अशी सोय २०२२ च्या अखेरीस आली, पण ती स्वतः जाऊन चालू करावी लागते. तुमच्या घरच्यांपैकी कोणी केली आहे का, विचारून बघा.

उलट टोकाला, ज्यांना गूगलही नको त्यांच्यासाठी ग्राफीनओएस ही गूगलच्या सेवा वगळलेली अँड्रॉइडची आवृत्ती आहे, आणि ते चालतं कशावर, तर गूगलच्याच पिक्सेलवर.

फांदी

अ‍ॅप बनवणं हा माझा व्यवसाय, म्हणून स्वयंपाकघरातली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, 'अँड्रॉइड' असं एकच काही नसतं. आम्ही औषधाची वेळ सांगणारं अ‍ॅप केलं होतं. काम एवढंच, ठरल्या वेळी वाजणे. आयफोनवर वाजायचं. बहुतेक अँड्रॉइडवर वाजायचं. एका कंपनीच्या फोनांवर मात्र स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की त्यांची बॅटरी वाचवणारी यंत्रणा आमचं अ‍ॅप मारून टाकायची आणि गोळी राहून जायची. लोक शिव्या कोणाला देणार? आम्हालाच. शेवटी अ‍ॅपमध्येच एक पान टाकलं: सेटिंगमध्ये जा, बॅटरी उघडा, या अ‍ॅपवरचं बंधन काढा. त्या पानाची चित्रं प्रत्येक कंपनीसाठी वेगळी काढावी लागली. म्हणून 'अँड्रॉइड वाईट' किंवा 'अँड्रॉइड भारी' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणाचा?

दुसरी, पैशाची. दोन्ही दुकानं सुरुवातीपासून ३० टक्के कापत आली. २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या कमाईवर १५ टक्क्यांची सोय दोघांनीही दिली. जगात अँड्रॉइड फोन कितीतरी जास्त, दहातले सुमारे सात, तरी अ‍ॅपवर जास्त खर्च आयफोनवाले करतात. म्हणून बरीच नवी अ‍ॅप आधी आयफोनवर दिसतात. यात प्रेमबीम काही नाही.

तिसरी, तुमच्या मूळ प्रश्नाची. माणसं चिकटून राहतात ती आपोआप नाही. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये अ‍ॅपलवर दावा लावला तेव्हा अ‍ॅपलच्या आतल्या ईमेल कोर्टात आल्या. आयमेसेज, म्हणजे अ‍ॅपलची मेसेज सेवा, अँड्रॉइडवर आणलं तर आयफोन वापरणाऱ्या घरांत मुलांना अँड्रॉइड देण्यातला अडसर दूर होईल, अशा अर्थाचं वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ मध्येच लिहिलेलं होतं. म्हणजे तो अडसर हवाच होता. निळा बुडबुडा (आयफोनवरून आयफोनला आलेला मेसेज) आणि हिरवा बुडबुडा (अँड्रॉइडवरून आलेला) हा जिथे साध्या मेसेजवर गप्पा चालतात तिथला जिव्हाळ्याचा प्रश्न. आयओएस १८ ने २०२४ मध्ये आरसीएस, म्हणजे एसएमएसची सुधारलेली पद्धत, आणली, फोटो धड जायला लागले, पण बुडबुडा हिरवाच ठेवला.

दारं थोडी किलकिली झाली ती कायद्यामुळे. युरोपात मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी अ‍ॅप दुकानं चालू शकतात. यूएसबी-सी आयफोन १५ मध्ये २०२३ ला आलं, त्यामागेही युरोपचाच रेटा.

ठिणगी

फांदी, कोणती कंपनी ते सांगा ना.

फांदी

नाही. त्यांच्या नव्या फोनांवर सुधारलंय म्हणतात.

पाऊणतास

आडवाट, अँड्रॉइडवरच राहिलात तर हे लागणार नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी उडी मारत असेल तर जाता जाता:

व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा आता दोन्ही दिशांना नेता येतात. पण आयफोनवर येताना त्या नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच आणा, 'मूव्ह टू आयओएस' मधून. आधी फोन वापरायला लागलात तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागू शकते. आयफोन सोडत असाल तर सिम काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज बंद करा, नाहीतर आयफोनवाल्यांनी पाठवलेले मेसेज तुमच्या जुन्या खात्याकडेच जात राहतात. हा घोळ इतका झाला की २०१४ मध्ये अ‍ॅपलला नंबर सोडवण्यासाठी वेगळं वेबपान काढावं लागलं. चालू वर्गण्या आपोआप हलत नाहीत, जुन्या बाजूला रद्द करून नव्या बाजूला घ्याव्या लागतात.

कोरा कागद

यात एक घाला. ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप! फोटो गेले तर हळहळ वाटते, हे गेलं तर स्वतःच्याच खात्यांच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं. जुना फोन हातात आहे तोवर त्यातली खाती नव्यावर न्या, आणि प्रत्येक खात्यात एकदा शिरून बघा.

आडवाट

हे बरं सांगितलंत, माझं तर अ‍ॅप फार जुनं आहे आणि त्याचा बॅकअप कधी चालूच केलेला नाही. शेवटचा प्रश्न. जुना फोन नात्यातल्या एका मुलाला खेळण्यापुरता द्यायचाय. नुसता फॅक्टरी रीसेट केला की झालं ना?

फांदी

आधी सेटिंगमधून गूगल खातं काढा, मग रीसेट. बाहेरून बटणं दाबून रीसेट केलात तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. चोरीला आळा म्हणून २०१५ पासून ही सोय आहे. आयफोनचंही तसंच, तिथे आधी 'फाइंड माय' बंद करायचं. आणि सिक्युरिटी अपडेट थांबलेत म्हणालात, तर त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप किंवा तुमचं मुख्य ईमेल कोणी उघडणार नाही एवढं बघा.

आडवाट

ठीक. खातं काढून मगच देतो.